‘पॉझिटिव्ह’ म्हणजे पांढरी कावीळच, हे खरे नव्हे

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश सांगतो की हिपॅटायटिसच्या अहवालात कुठेही ‘पॉझिटिव्ह’ दिसले की पांढरी कावीळ समजावी, एसजीपीटी (यकृताची एक रक्ततपासणी) नॉर्मल असेल तर निर्धास्त राहावे, उपचारानंतरही हिपॅटायटिस ‘सी’ची तपासणी पॉझिटिव्ह आली तर औषध वाया गेले असे धरावे आणि अशा माणसाचे ताट-पेला वेगळा ठेवावा. यांतले एकही विधान टिकत नाही.

हिपॅटायटिस ‘बी’च्या अहवालात वेगवेगळ्या गोष्टी तपासलेल्या असतात. एचबीएसएजी हा विषाणूच्या आवरणाचा अंश असल्यामुळे तो सापडला तर संसर्ग आज शरीरात आहे, आणि सहा महिन्यांनंतरही टिकला तर तो दीर्घकालीन मानला जातो. याउलट अँटी-एचबीएस हे संरक्षक प्रतिपिंड (अँटिबॉडी) आहे. लस घेतलेल्या माणसात ते प्रति मिलिलिटर १० मिलि-आंतरराष्ट्रीय एकके किंवा अधिक असणे ही चांगली बातमी आहे, आणि हा संदेश नेमका त्याच माणसाला रोगी ठरवतो. अँटी-एचबीसी, म्हणजे विषाणूच्या गाभ्याविरुद्धचे प्रतिपिंड, लसीने कधीच येत नाही; म्हणून प्रतिकारशक्ती लसीची की होऊन गेलेल्या संसर्गाची, हे त्यावरून कळते.

मला सर्वांत घातक वाटते ते एसजीपीटीचे विधान. एसजीपीटी यकृताच्या पेशींना होणारी इजा दाखवते, विषाणू मोजत नाही. दीर्घकालीन संसर्गात ते वर्षानुवर्षे नॉर्मल राहून पुढे अचानक वाढू शकते, आणि नॉर्मल असतानाही यकृतात व्रण साचत असू शकतात. त्यामुळे एचबीएसएजी पॉझिटिव्ह असलेल्याने रक्तातला विषाणू मोजणारी एचबीव्ही डीएनएची तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा ती पुन्हा करावी, मग त्याला कितीही ठणठणीत वाटत असो.

‘सी’ची प्रतिपिंडे विषाणू नष्ट झाल्यावरही बहुधा आयुष्यभर राहतात, बरे झाल्याचा निवाडा रक्तात प्रत्यक्ष विषाणू शोधणारी आरएनए तपासणी करते. औषध संपल्यावर १२ आठवड्यांनीही आरएनए सापडला नाही, तर रुग्ण बरा झाला असे मानतात.

ताट वेगळे ठेवणे तर निव्वळ अन्याय आहे. ‘बी’ आणि ‘सी’ एका ताटात जेवल्याने पसरत नाहीत, ते मुख्यतः रक्तातून पसरतात. ‘बी’ लैंगिक संबंधांतून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळालाही सहज होतो. वेगळा ठेवायचा तो दाढीचा वस्तरा आणि दात घासायचा ब्रश. घरात कोणाला ‘बी’ असेल तर बाकीच्यांनी तपासणी करून लस घ्यावी आणि नवजात बाळाला पहिल्या २४ तासांत लस टोचून घ्यावी.