दयाळाला दाद, सोंडकिड्याला 'शी'

सकाळी एकाने दयाळ पक्ष्याचा फोटो टाकला. खाली बदामांचा पाऊस, 'निसर्गाची किमया' वगैरे. ठीक आहे. दुपारी दुसऱ्याने तांदळातल्या सोंडकिड्यांचा फोटो टाकला, तर त्याच मंडळींचं 'शी', 'ओकारी आली', 'देवाने हे कशाला घडवलं?' डोकंच फिरलं.

अरे, दोघांचं पहिलं शास्त्रीय वर्णन एकाच माणसाने केलंय, सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडनच्या लिनियसने. दयाळाचं १७५८ मध्ये, सोंडकिड्याचं १७६३ मध्ये. त्याला नाही आली ओकारी!

मागे तांदूळ निवडताना एका सोंडकिड्याला बोटाने ढकललं, तर पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग घेतलं पठ्ठ्याने. मी भिंग घेऊन बसलो. जेमतेम तीन मिलिमीटरचा जीव, पाठीवर चार तांबूस ठिपके, पुढे सोंड, कोपरात दुमडाव्यात तशा मिशा.

त्याची मादी सोंडेने दाणा कोरते, आत एक अंडं घालते आणि स्वतःच्या चिकट स्रावाने भोक असं बुजवते की शोधून सापडू नये. अळी, कोष, सगळं दाण्याच्या आत. दयाळ मात्र झाडाची ढोली नाहीतर भिंतीतलं भोक आयतं बघतो, चार काड्या टाकतो, आणि कौतुक त्याच्या घरट्याचं!

गातो अप्रतिम, मान्य. पण ते तुमच्यासाठी नाही हो. मादीला बोलावणं आणि शेजारच्या नराला 'इथून चालता हो', एवढाच मजकूर.

भिंगाखालचा माझा सोंड्या बराच वेळ हलला नाही. मग एक पाय, मग दुसरा, आणि जी धूम ठोकली! तेव्हा मला ठाऊक नव्हतं की याच्या पोटात जिवाणू असतात. ते कवच घट्ट व्हायला लागणारी अमिनो आम्लं पुरवतात, आणि कवच तयार झालं की हा त्यांनाच पचवतो. कृतघ्न आहे, पण काय कारागिरी!

धान्याची नासाडी करतो, हो. साठवणाऱ्याच्या शिव्या रास्तच.

आणि दयाळावर तरी कसलं प्रेम? गोड गळ्यापायी पिंजऱ्यांसाठी पकडून पकडून सिंगापुरात १९७० च्या दशकात तो जवळपास संपवला होता. बिचारा. त्याच्यावर राग नाहीच माझा, त्या बदामांवर आहे.

आता कुणीतरी विचारेलच, 'मग तुम्ही सोंड्यांसकट भात खाता का?' नाही. निवडूनच खातो.