पैसे मोजलेलं सॉफ्टवेअर, अन् हरवलेलं डोंगल

आमच्या परभणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. म्हणे सरकारी कचेरीत मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो असलं, आणूच नका: फुकटचं ते असुरक्षित, बिघडलं तर विचारायला कुणी नाही, आणि बाबूंना ते येतही नाही. तहसीलीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे, म्हणून बोलतो.

'विचारायला कंपनी असते.' असते की, धंदा आहे तोवर. मागं एक बाबू २००३ सालचे आदेश पेनड्राइव्हवर घेऊन आला. फाइल उघडली, पण मराठीच्या जागी नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी. तेव्हा मराठीच्या दर सॉफ्टवेअरचा संकेत वेगळा. एकाचा 'क' दुसऱ्यात भलताच दिसायचा. मूळ सॉफ्टवेअर चालवायला डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची लायसनची किल्ली, लागायचं, ते कधीचंच हरवलेलं. शेवटी कागदावरची प्रत समोर ठेवून सगळं पुन्हा टाइप केलं. आता हे बघा: २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधल्या, तेव्हा निजामाच्या काळची मोडी-उर्दू दप्तरं उघडली, जाणकार बसवले, नोंदी निघाल्या. मोडी वाचायला कुणाचं लायसन लागत नाही. आणि आज कुठल्याही मोबाइलवर सातबारा मराठीत वाचता येतो, तो युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच संकेत, हे खुलं प्रमाण आहे म्हणून.

कंपनी मोठी असली तरी भरवसा किती? जुलै २०२५ मध्ये युरोपच्या निर्बंधांमुळं मायक्रोसॉफ्टनं आपल्याच देशातल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीची सेवा थांबवली. नायरावाले दिल्ली उच्च न्यायालयात गेले, मग सेवा सुरू झाली. तालुक्याच्या कचेरीनं कुठं जावं?

'असुरक्षित' म्हणाल, तर मे २०१७ चा वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस विंडोजवरच पसरला होता. मुक्त सॉफ्टवेअरलाही सुरक्षेची भोकं असतात, २०१४ चं हार्टब्लीड नावाचं भोक साधंसुधं नव्हतं. पण तिथं कोड उघडा असतो, बुजवायला कुणालाही हात घालता येतो.

'फुकटचं' याला एवढंच: केंद्राचंच २०१५ चं धोरण मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्या म्हणतं, आणि निविदेत ते वगळलं तर कारण द्यायला लावतं.

बाबूंना येत नाही, हे मात्र खरं. नोकरीसाठी एमएस-सीआयटी केली, तिथं विंडोज शिकले, तेच हातात बसलं. जर्मनीतल्या म्युनिक शहरानं विंडोजच्या जागी लिनक्स हे मुक्त सॉफ्टवेअर आणलं आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडं फिरायचं ठरवलं, ते उदाहरणही मेसेजवाल्यांनी बरोबर दिलंय. केरळनं सुरुवात शाळेतून केली, तिथं पोरं लिनक्सवरच शिकतात. आपल्याकडं दुकानात आलेलं पोरगं आधी विचारतं, "काका, यात वर्ड हाय का?" मी लिब्रेऑफिस, वर्डसारखंच पण मुक्त, उघडून देतो. दहा मिनिटं कुरकुरतं, मग अर्ज टाइप करतं, प्रिंट घेतं अन् जातं.