चेकलिस्ट भरली, मृत्यू तेवढेच राहिले

आरोग्यसेवेवर वाद सुरू झाला की तो ठरलेल्या तीन मुद्द्यांवर येऊन थांबतो. डॉक्टर कमी, पैसा कमी, आणि जे आहेत ते नीट काम करत नाहीत. तिन्ही खरं असू शकतं. पण आरोग्ययंत्रणांवरचं संशोधन वाचायची सवय लागल्यापासून हा वाद मला फार वरवरचा वाटायला लागलाय. 2018 मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने अंदाज मांडला की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दरवर्षी 86 लाख लोक टाळता येण्यासारख्या कारणांनी मरतात. त्यातल्या 36 लाखांपर्यंत सेवा पोचतच नाही. उरलेले 50 लाख दवाखान्यात पोचलेले असतात. उपचार सुरू झालेले असतात. तरी जातात.

म्हणजे दार उघडं आहे, आत माणसं आहेत, आणि आत गेल्यावर काहीतरी बिघडतंय. नेमकं काय, हे मत मांडून कळत नाही. जाऊन बघावं लागतं.

बघायची एक भन्नाट पद्धत आहे. प्रशिक्षित माणसं रुग्ण किंवा रुग्णाचे नातेवाईक बनून डॉक्टरकडे जातात, ठरलेली लक्षणं सांगतात आणि बाहेर आल्यावर आत काय झालं ते नोंदवतात. बिहारच्या ग्रामीण भागात उपचार करणाऱ्यांना (यात पदवी नसलेलेही बरेच होते) आधी विचारलं, जुलाब होणारं मूल आलं तर काय द्याल? सुमारे 72 टक्क्यांनी ओआरएस (पाण्यात विरघळवून द्यायची क्षार-साखरेची पुडी) सांगितलं. मग त्यांच्याकडेच असा बनावट पालक गेला, तेव्हा ओआरएस सुचवलं सुमारे 17 टक्क्यांनी. 2015 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आता यावर उपाय म्हणून कुणी 'अजून एक प्रशिक्षण घेऊ' म्हणालं तर काय म्हणायचं? ज्ञान तर आहेच. ते खुर्चीत बसल्यावर का वापरलं जात नाही, हा प्रश्न आहे. पेशंटला स्वस्त पुडी दिली तर तो पुन्हा येणार नाही ही भीती? औषधविक्रीवरच चालणारी कमाई? गर्दी? प्रत्येक कारणाचा इलाज वेगळा आहे, आणि आपण सरसकट सगळ्यांवर कार्यशाळा मारतो.

बेटरबर्थ नावाच्या प्रयोगाची गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. उत्तर प्रदेशातले 24 जिल्हे, 120 आरोग्य केंद्रं, दीड लाखाहून जास्त बाळंतपणं. निम्म्या केंद्रांत जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित बाळंतपणाची चेकलिस्ट आणली आणि ती वापरायला शिकवणारे कोच आठ महिने फेऱ्या मारत राहिले. हात धुतले का, बाळंतपणानंतर रक्तस्राव रोखणारं इंजेक्शन दिलं का, बाळाला आईच्या अंगाशी ठेवलं का, अशा गोष्टी. फरक दिसला. दोन महिन्यांनी कोच असलेल्या केंद्रांत यातल्या सुमारे 73 टक्के गोष्टी होत होत्या, बाकी केंद्रांत 42 टक्के. कुठल्याही आढावा बैठकीत इथे टाळ्या वाजल्या असत्या आणि योजना राज्यभर लागू झाली असती.

संशोधक तिथे थांबले नाहीत. त्यांनी आईचा मृत्यू, बाळाचा मृत्यू, आईची गंभीर गुंतागुंत हे सगळं एकत्र मोजलं. कोच असलेल्या केंद्रांत 15.1 टक्के, बाकी केंद्रांत 15.3. म्हणजे काहीच फरक नाही. शिवाय सुरुवातीपासून वर्षभराने, म्हणजे कोचच्या फेऱ्या थांबून चारेक महिने झाल्यावर, 73 चे 62 झाले होते.

2017 मध्ये हे छापून आलं तेव्हा बऱ्याच जणांनी 'प्रयोग फसला' म्हटलं. मला उलट वाटतं. चेकलिस्ट आठवण करून देते. श्वास न घेणाऱ्या बाळाला अंबू बॅग (दाबून श्वास देणारी पिशवी) लावायचा सराव ती देत नाही, रात्री दोन वाजता रक्त मिळवून देत नाही, रेफर केलेली बाई सिझेरियन होईल अशा ठिकाणी वेळेत पोचेल याची हमी देत नाही. पुढची साखळी तुटलेली असेल तर पहिली कडी कितीही घासून पुसून ठेवली तरी उपयोग मर्यादितच राहणार. हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर आणि सोडतीने गट पाडून कुणीतरी तपासलं, यश मिळालं नाही तरी छापलं, याची किंमत दहा यशोगाथांपेक्षा जास्त आहे.

शस्त्रक्रियेच्या चेकलिस्टचंही तसंच. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती आल्यानंतर मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यावरून 0.8 वर आलं, असं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं आणि जगभर तिचा बोलबाला झाला. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने ती सक्तीची केली. 2014 मध्ये तिथल्या 101 रुग्णालयांचा अभ्यास आला. मृत्यूंत म्हणावी अशी घट नाही. चेकलिस्ट वापरल्याचं रुग्णालयांनी स्वतः कळवलेलं प्रमाण मात्र नव्वद टक्क्यांच्या वर! (रजिस्टर भरणाऱ्या कुणालाही याचं आश्चर्य वाटणार नाही.)

याच्या उलट अमेरिकेतलं मिशिगन राज्य. शंभरावर आयसीयूंमध्ये रक्तवाहिनीत घातलेल्या नळीतून होणारा जंतुसंसर्ग कमी करायचा होता. तिथेही पाचच साध्या गोष्टींची यादी. पण डॉक्टरने पायरी गाळली तर नर्सने त्याला थांबवायचं, हा अधिकार तिला दिलेला होता आणि वरिष्ठ तिच्या बाजूने उभे होते. प्रत्येक आयसीयूला आपले आकडे नियमित कळत होते, आणि इतर रुग्णालयांतले सहकारीही तेच करतायत हे दिसत होतं. तीन महिन्यांत किमान निम्म्या आयसीयूंत असा संसर्ग शून्यावर आला. लोकांनी यातली यादी उचलली, कारण कागद उचलायला सोपा असतो. नर्सचा अधिकार उचलून नेणं अवघड.

पैशाचं काय, असं कुणी विचारेलच. टांझानियात 1990 च्या दशकात मोरोगोरो आणि रुफिजी या दोन जिल्ह्यांत घरोघर फिरून माणसं कशाने मरतात ते आधी मोजलं आणि मग खर्चाशी ताडून पाहिलं. आजारांमुळे वाया गेलेल्या आयुष्याच्या वर्षांत मलेरियाचा वाटा सुमारे 30 टक्के, बजेटमध्ये त्याला सुमारे 5 टक्के. माणशी वर्षाला दोन डॉलरपर्यंत वाढीव निधी देऊ केला होता, पण जिल्ह्यांना खर्च करता आले सुमारे ऐंशी सेंटच. तरी खर्चाची दिशा बदलल्यावर पाचेक वर्षांत बालमृत्यू सुमारे 40 टक्क्यांनी खाली आले. तो काळ वेगळा होता, इतर गोष्टीही बदलत होत्या, हे मान्य. पण निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर त्याच्याच जिल्ह्याचा हिशेब होता.

गडचिरोलीचं घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीचं काम आपण डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या त्यागाची कथा म्हणून सांगतो. त्याआधी ती मोजणीची कथा आहे. गावागावातला प्रत्येक जन्म आणि मृत्यू नोंदवला नसता, सेवा न मिळालेल्या गावांशी तुलना केली नसती, तर 1999 च्या त्या शोधनिबंधाला कुणी विचारलं नसतं, आणि आशाताईंच्या घरभेटी राष्ट्रीय कार्यक्रमात आल्या नसत्या. त्याग कौतुकापुरता राहिला असता.

मला खटकतं ते वेगळंच. हे संशोधन बहुतेक वेळा बाहेरून येतं. प्रश्न बाहेरच्यांचे, आकडे इथले, निबंध परदेशी जर्नलमध्ये. ज्या नर्सने हे सगळं भरून दिलं तिला निष्कर्ष कधी कळतच नाही. तिच्यासाठी ते आणखी एक रजिस्टर. खरं तर कुठली पायरी रोज गाळली जाते आणि का, हे तिला सगळ्यात आधी माहीत असतं. तिला विचारत नाहीत, आणि तिने सांगितलं तर ते गाऱ्हाणं समजतात. नर्सिंगच्या आणि एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात शरीर कसं चालतं ते वर्षानुवर्षं शिकवतात. औषध गोदामातून वॉर्डपर्यंत कसं येतं, रेफर केलेला पेशंट मध्येच कुठे हरवतो, आकडे वर जाताना कसे गोंडस होत जातात, हे शोधायला किती तास देतात? प्रत्येक इंटर्नला ड्युटीच्या ठिकाणची एकच अडचण निवडून महिनाभर मोजायला लावा. आधीचा आकडा, केलेला बदल, नंतरचा आकडा. आणि फरक पडला नाही तर 'पडला नाही' असं लिहिल्याबद्दल मार्क कापू नका.