टोमॅटोचा जन्मदाखला

वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाने ही गोष्ट सोसायटीत कधी बोलू नये. मी आयुष्यभर नोकरी केली विम्याची. वनस्पतींशी माझा संबंध उरला तो जेवणाच्या ताटापुरता. पण कुणाच्या तरी सत्यनारायणाला बायकोने कौतुकाने सांगून टाकलं, आणि तेव्हापासून मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये लोक लिफ्टमध्ये मला गाठून हातावर टोमॅटो ठेवतात. "जरा बघून सांगा, गावठी आहे की हायब्रिड?"

बघून सांगा म्हणे! बघून सांगता येत नाही, हीच तर सगळी गोची आहे. तसं म्हटलं की समोरच्याच्या मनात पदवीविषयी शंका उभी राहते, कारण त्याच्याकडे स्वतःची कसोटी तयारच असते. सेक्रेटरींचं म्हणणं, लांबट तो हायब्रिड, चपटा तो गावठी. पाचव्या मजल्यावरचे आजोबा आंबटपणावर जातात. कुणी साल नखाने सोलून बघतं, कुणी बिया मोजतं. एकांचा सिद्धांत असा की दोन दिवसांत सडला तर गावठी. या हिशेबाने आमच्या फ्रिजमधलं सगळंच गावठी ठरेल.

आता यांना काय सांगायचं? 'रोमा' घ्या. लांबट, जाड सालीची, गर भरपूर, बिया बेताच्या. दिसायला शंभर टक्के हायब्रिड, पण आहे सरळ वाणाची. तिचं बी धरा, पुढच्या वर्षी पुन्हा रोमाच येईल. उलट 'पुसा रुबी' चपटी, आंबट, देठापाशी खाचा पडलेली. वसईवाल्या मावशीच्या पाटीत ठेवली तर लोक आजोळची म्हणून उचलतील. ती काढली दिल्लीच्या पुसा संस्थेने, आणि तिच्या दोन पालकांपैकी एक चक्क अमेरिकेतली 'सू' नावाची जात. म्हणजे संकर झालाच होता. पण त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या निवड करत करत ती स्थिर केली, म्हणून आज ती हायब्रिड नाही. आणि तसं बघायला गेलं तर टोमॅटोचं मूळ गाव दक्षिण अमेरिकेत, अँडीजच्या बाजूला. मुलुंडच्या भाजीबाजारात त्याच्या गावठीपणावरून भांडणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यायला हरकत नाही.

नावावरून ओळखावं, तर तेही नाही. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे 'अर्का विकास' आणि 'अर्का रक्षक'. आडनावं लावावीत तसं दोघांना 'अर्का' लावलेलं, संस्था एक, सरकार एक. विकासचं बी धरून ठेवता येतं. रक्षक मात्र एफ वन संकर, म्हणजे दोन जातींच्या संकराची पहिली पिढी. पानं आकसवणारा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तो तोंड देतो, पण त्याचं बी पेराल तर पोटी कोण जन्माला येईल याची खात्री नाही. सरकारी ते देशी आणि कंपनीचं ते हायब्रिड, हा आमच्या सेक्रेटरींचा दुसरा सिद्धांत इथे आडवा पडतो.

खरं उत्तर असतं पाकिटावर. 'संकरित', 'हायब्रिड' किंवा 'एफ वन' लिहिलं असेल तर हायब्रिड. 'सुधारित', 'संशोधित' किंवा 'ओपी' (ओपन पॉलिनेटेड) असेल तर सरळ वाण. पण पाकिटावर कारल्याएवढा टोमॅटो छापायला जागा असते आणि हा शब्द मात्र कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात. बिया पुष्कळदा औषध लावून गुलाबी केलेल्या असतात. आमच्या नातीने त्या बघून "आबा, बडीशेप!" म्हणून हात पुढे केला होता. त्या रंगावरूनही काही ठरत नाही, तो बुरशीनाशकाचा असतो. थोडाफार अंदाज येतो तो किमतीवरून. हायब्रिडचं बी ज्या फळात तयार होतं, त्या प्रत्येक फळामागे कुणीतरी चिमटा घेऊन बसलेलं असतं. कळी उमलायच्या आदल्या दिवशी तिच्यातले पिवळे पुंकेसर उपटायचे आणि दुसऱ्या जातीचे पराग लावायचे, तेही दर वर्षी नव्याने. मजुरी लागणारच. हे मी समजावून सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "म्हणजे इंजेक्शन देतात ना?" नाही हो. इंजेक्शन नाही, जनुकंही बदललेली नाहीत. आपल्या देशात तसं व्यापारी पीक एकच, २००२ साली परवानगी मिळालेला बीटी कापूस, आणि तो कोशिंबिरीत घालत नाहीत.

एवढं सगळं मी नीट समजावलं होतं दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या, गावठी बी जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून वहिनींनी बी राखायचा वसा घेतलाय. वसा चांगलाच आहे, माझी ना नाही. पण राहीबाईंना आपण कसलं बी राखतोय हे ठाऊक असतं. वहिनींनी आणलेला टोमॅटो होता स्टेशनबाहेरचा, नेहमीपेक्षा जास्त पैसे मोजून घेतलेला. "गावठी आहे, भाजीवाल्याने शपथ घेतली," त्या म्हणाल्या. नारायणगाव आणि पिंपळगावहून वाशीच्या मार्केटला उतरणारा माल बहुतेक संकरितच असतो, असं मी हळूच म्हणून पाहिलं. "मग सिद्ध करून दाखवा भाऊजी."

सिद्ध करायचा रस्ता एकच. बी धरायचं, पेरायचं आणि पोरं बघायची. टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःचेच पराग घेतं, त्यामुळे शेजारच्या कुंडीतल्या टोमॅटोची ढवळाढवळ फारशी होत नाही. रोपं सगळी एकसारखी निघाली तर सरळ वाण. तऱ्हेतऱ्हेची निघाली तर आई हायब्रिड.

बी धरणं हा प्रकार लिहायला सोपा आहे. टोमॅटोच्या बीभोवती एक बुळबुळीत आवरण असतं, ते बीला उगवू देत नाही. म्हणून गर पेल्यात काढून दोन-तीन दिवस आंबवायचा. वर पांढरट साय धरते, खाली चांगलं बी बसतं, आणि मधल्या भागातून जो वास सुटतो त्याने घरातले नातेसंबंध तपासले जातात. बायकोने पेला आधी ओट्यावरून बाथरूममध्ये हलवला, मग बाथरूममधून जिन्यात. जिन्यातून सफाईवाल्याने तो फेकायच्या आत मी बी गाळून घेतलं.

पेरलं ऑक्टोबरात, कारण मुंबईत पावसाने आटोपतं घेतल्याशिवाय टोमॅटोला अर्थ नाही, आणि मार्चनंतर रात्रीही उकडायला लागलं की फुलं नुसती येतात आणि गळतात. प्रश्न होता जागेचा. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने ब्रनोच्या मठात १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षं वाटाण्याची काही अठ्ठावीस हजार रोपं वाढवली, म्हणून त्याला दुसऱ्या पिढीत तीन रोपं एका गुणाची तर एक दुसऱ्या, असं तीनास एक हे प्रमाण सापडलं. माझ्याकडे बेडरूमची ग्रील. तीत आधीच एसीचा डबा, दोन छत्र्या आणि बायकोची तुळस. उरलेल्या जागेत कुंड्या मावल्या तीन. तीन रोपांत तीनास एक कसं काढायचं, हे मेंडेललाही जमलं नसतं.

त्यातल्या एका कुंडीत कबुतराने अंडी घातली. ती हलवायची नाहीत असं घरात बहुमताने ठरलं, आणि शास्त्राला दोन रोपांवर भागवावं लागलं. पण ती दोन रोपं अशी निघाली की मी मनातल्या मनात मेंडेलला नमस्कार केला. एक कमरेएवढं वाढून थांबलं आणि घोसाने गोल टोमॅटो द्यायला लागलं. दुसरं थांबेचना. ग्रील ओलांडून ते पाचव्या मजल्यावर आजोबांच्या खिडकीत शिरलं आणि लांबट फळं तिकडेच धरली. आजोबांनी ती तोडली. आंबट आहेत, गावठी आहेत, असा निकालही दिला.

मी वहिनींना बोलावून आणलं. हे बुटकं, हे उंच. हा गोल, हा लांबट. एकाच टोमॅटोच्या पोटची. "झालं सिद्ध?"

वहिनींनी दोन्ही फळं हातात घेऊन डोळे भरून बघितली. "झालं की! मी म्हटलं नव्हतं गावठी आहे? हायब्रिड असतं तर सगळी एका साच्यातली नसती आली?"

आता यात अर्धं खरं होतं, आणि अर्ध्या खऱ्याशी वाद घालण्याइतकं अवघड काही नाही. हायब्रिडच्या पहिल्या पिढीची रोपं खरोखरच एका साच्यातली येतात. वहिनी बघत होत्या ती दुसरी पिढी. मी बोटांवर पिढ्या मोजून समजावायला लागलो. आई-बाप वेगळे, त्यांची पोरं अगदी एकसारखी, आणि त्या पोरांची पोरं मात्र वेगवेगळी.

"अहो भाऊजी, पोरं कुणाची सारखी असतात?" वहिनी म्हणाल्या. "आमचा थोरला बघा आणि धाकटा बघा. म्हणून काय मी आणि हे हायब्रिड झालो?"

शास्त्राच्या हिशेबाने याचं उत्तर बरंचसं 'हो' असं आहे. मी चहा टाकायला सांगितला.