४९ वर्षांचा अभ्यास

रविवारी बंड्याच्या घरी आम्ही चौघांनी 'बेलाशेषे' हा बंगाली सिनेमा बघितला आणि सोमवारी संध्याकाळी कट्ट्यावर भांडण झालं. खरं तर ते रविवारीच व्हायचं, पण वहिनी घरात होत्या.

कट्टा म्हणजे आमच्या डोंबिवलीतल्या रिक्षा स्टँडमागची, एका बंद दुकानाची पायरी. बंड्याची बँकेत असताना चार वर्षं कोलकात्याला बदली होती. तेव्हापासून मासे, रसगुल्ला आणि सिनेमा या तीन विषयांत त्याच्यापुढे कुणी बोलायचं नाही असा त्याचा समज आहे. सिनेमा त्यानंच आणला होता. २०१५ चा, नंदिता रॉय आणि शिबोप्रसाद मुखर्जी या जोडीचा.

"म्हातारचळ!" नानानं चहा यायच्या आत निकाल लावला. "घरात दुर्गापूजा, लेक-सून, लेकी-जावई सगळे जमलेत. पोरांना वाटतंय बाबा मृत्युपत्र काढणार. आणि हा सांगतो, तुमच्या आईशी घटस्फोट घेतोय. लग्नाला ४९ वर्षं झाल्यावर! अरे, एक वर्ष थांबला असता तर पन्नाशीचं जेवण तरी झालं असतं."

"तुला जेवणाचंच पडलंय," बंड्या म्हणाला. "पूजेचा मुहूर्त का निवडलाय ते बघ ना. बंगाल्यांची दुर्गा म्हणजे माहेरी आलेली लेक, उमा. दशमीला ती सासरी निघते. आपल्या गौरी कशा तीन दिवसांच्या, तसंच. सगळं बंगाल लेकीला नवऱ्याघरी पाठवायच्या तयारीत असताना हा नवरा म्हणतो, माझा संसार मोडा."

वकील गप्प होते. वकील गप्प असले की समजायचं, कलम येतंय. आलंच. "हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीचा घटस्फोट १९७६ साली आला. कलम १३-ब. अट अशी की अर्जाआधी वर्षभर दोघं वेगळी राहिलेली हवीत. ही दोघं तर एकाच घरात."

"म्हणजे केसच उभी राहत नाही?" नाना खुश.

"तसं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये सांगितलंय, वेगळं राहणं म्हणजे वेगळं छप्पर नव्हे. एका घरात राहूनही नवरा-बायको म्हणून राहत नसतील, तर ते वेगळं राहणंच."

यावर जरा शांतता झाली. रिक्षावाल्यांचा आरडाओरडा तेवढा ऐकू येत होता. मला वाटतं, चौघांनीही मनातल्या मनात आपापल्या घराचं छप्पर एकदा बघून घेतलं असावं.

मंगलताई तेवढ्यात भाजी घेऊन आल्या. त्या बसत नाहीत, पिशवी पायरीवर टेकवून उभ्यानं बोलतात. सिनेमा त्यांनी लेकीबरोबर दोनदा बघितलाय. "वकीलसाहेब, ते सगळं खरं, पण तिला कुणी विचारलं का? ठरवलं त्यानं, जाहीर केलं त्यानं. न्यायाधीशांनी दोघांना पंधरा दिवस एकत्र राहायला सांगितल्यावर वरात निघाली शांतिनिकेतनला. बायको, आरती, आपली मागून."

"पण तिथेच तर ती बोलते!" बंड्या उसळला. "त्याचं म्हणणं काय, की आपल्यात प्रेम उरलं नाही, नुसती सवय उरलीय. ती म्हणते, माझं प्रेम त्या सवयींतच आहे. रोजच्या बारीकसारीक गोष्टींत. आणि एक गंमत सांगू? बंगालीत सवयीला 'अभ्यास' म्हणतात. उच्चार करतात 'ओभ्येश', पण शब्द आपलाच. म्हणजे बघा, ४९ वर्षांचा अभ्यास!"

"अभ्यास तिनं केला," मंगलताई म्हणाल्या. "मग परीक्षा घेणारा हा कोण?"

नाना इतका हसला की त्याचा चहा सांडला. बंड्याला मात्र लागलं. त्याच्या मते सिनेमातला नवरा, विश्वनाथ, हा माणूस प्रामाणिक आहे. बहुतेक पुरुष हा प्रश्न मनात दाबून पेपर वाचत बसतात, यानं निदान तोंड उघडलं. पुस्तकांच्या व्यवसायात जन्म गेलेला माणूस, त्याला बायकोशी बोलायला शब्द सापडत नव्हते हे त्यानं कबूल तरी केलं. यात तथ्य आहे, हे मीही मान्य केलं. मध्यंतरापर्यंतचा सिनेमा मला पटतो तो याचसाठी. कुणी मारहाण केलेली नाही, कुणी बाहेर भानगड केलेली नाही, तरी एक माणूस विचारतो की हे आपलं नेमकं काय चाललंय.

माझं बिनसलं ते पुढे. शांतिनिकेतनात मुलं आई-बापाच्या खोलीत चोरून कॅमेरा लावतात आणि सगळे मिळून बघतात. खराज मुखर्जी आणि अपराजिता आढ्य हे नट आहेत म्हटल्यावर हशा पिकतोच, मीही हसलो. पण आरती आयुष्यात पहिल्यांदा मन मोकळं करते ते नवऱ्यापाशी, आणि ऐकतात लेकी-जावई. "अरे, म्हणूनच तर मुलांचे संसार सावरतात," बंड्या म्हणाला. मी म्हटलं, तीच तर तक्रार आहे. म्हाताऱ्यांचं दुःख तरुणांच्या शिकवणीसाठी वापरलं. त्या दोघांची गोष्ट त्या दोघांची राहू दिली असती, तर सिनेमा अजून उंच गेला असता. कदाचित इतका चालला नसता, ते वेगळं.

"तू 'घरे बाइरे' विसरतोस," बंड्यानं हुकमाचं पान टाकलं. हे पान चांगलं आहे, मलाही आवडतं. सत्यजित राय यांच्या १९८४ च्या त्या सिनेमात सौमित्र चॅटर्जी संदीप होते, म्हणजे मित्राच्या घरी येऊन त्याच्या बायकोला भुरळ घालणारा पाहुणा. आणि ती बायको, बिमला, म्हणजे स्वातीलेखा सेनगुप्ता. कोलकात्याच्या 'नांदीकार' या नाट्यसंस्थेच्या रंगभूमीवरची बाई. ३१ वर्षांनी 'बेलाशेषे'त तीच दोघं नवरा-बायको म्हणून समोर. बिमलेनं अंतःपुराचा उंबरा ओलांडला होता. आरती उंबऱ्याच्या आतच म्हातारी झाली, आणि तिला बाहेर काढायला निघाला तोही सौमित्रच. कोलकात्याच्या थिएटरात हे न सांगता कळत असणार. आपल्याला बंड्यानं सांगावं लागतं.

शेवटी दोघं पुन्हा एकत्र येतात. यावर नाना म्हणे, "येणारच! तिकीट काढलेल्या लोकांना घरी जायचं असतं." वकिलांना शेवट आवडला, पण कारण दिलं नाही. फी दिल्याशिवाय ते कारण देत नाहीत.

मग बंड्या 'बेलाशुरू'वर, म्हणजे दुसऱ्या भागावर आला. तीच माणसं, तेच घर. २० मे २०२२ ला लागला तेव्हा सौमित्र जाऊन दीड वर्ष झालं होतं, स्वातीलेखा जाऊन वर्ष होत आलं होतं. पडद्यावर हात धरलेली दोघंही जगात नाहीत हे ठाऊक असलेले लोक समोर बसलेले. "त्यात आरतीला अल्झायमर झालाय," बंड्या सांगत होता. "ती सगळं विसरत चाललीय, नवऱ्यालाही. आणि तो तिचं सगळं करतो. तुमचा सगळा हिशोब फिटतो बघा, ताई."

मंगलताईंनी पिशवी उचलली होती. ती पुन्हा खाली ठेवली. "म्हणजे त्यानं तिचं करायची वेळ यायला," त्या म्हणाल्या, "तिला आधी त्यालाच विसरावं लागलं."

बंड्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. नानानं रिकामा ग्लास पुन्हा तोंडाला लावला.

"पुढची तारीख द्या," वकील म्हणाले. "दुसरा भाग बघितल्याशिवाय युक्तिवाद पुरा होत नाही."

तारीख पडली, पुढचा रविवार. मंगलताईही येणार आहेत. कुणाच्या घरी ते ठरलं नाही. बंड्या म्हणाला, आमच्याकडे नको.