खात नाहीत, फक्त कोरतात

न्यू जर्सीतल्या आमच्या लाकडी घराला वाळवी लागली असती, तर मी नशिबाला बोल लावून गप्प बसलो असतो, कारण वाळवी निदान लाकूड खाते आणि ते कुणाच्या तरी अंगी लागते. सुतार मुंग्यांचे तसे नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट त्यांनी आतून पोखरली आणि कणभरही न खाता सगळा भुसा ओट्यावर आणून टाकला. ज्या घराचे हप्ते मी निवृत्त होईपर्यंत फेडणार आहे, ते त्यांना खाण्याच्याही लायकीचे वाटू नये, हे मला नुकसानापेक्षा जास्त झोंबले. भुशात मेलेल्या किड्यांचे पाय आणि पंखही होते. आपले घर लख्ख ठेवून कचरा दुसऱ्याच्या दारात लोटण्याची ही पद्धत मला फार ओळखीची वाटली.

कीडनियंत्रणाच्या गृहस्थांनी फळी उचकटली, तेव्हा आतल्या गल्ल्या इतक्या गुळगुळीत निघाल्या, की आमच्या कंत्राटदाराला त्या दाखवायला हव्या होत्या. गृहस्थ म्हणाले, की खरा गुन्हेगार छपराची गळकी पन्हळ आहे. राणी आणि अंडी पन्हळीने भिजवलेल्या लाकडात राहतात, आणि बाकीचा कबिला कोरड्या भिंतींतही शाखा उघडतो. दिसेल त्या मुंगीवर फवारा मारून राणीला काही होत नाही, म्हणून त्यांनी विष कालवलेले गोड आमिष ठेवले, जे कामकरी मुंग्यांनी स्वतःच घरट्यात नेऊन भरवायचे होते. अट एकच, आसपास दुसरे काही गोड नको.

नेमकी आई सांगलीहून उन्हाळ्यासाठी आलेली होती. "अरे, हे तर आपले मुंगळेच," ती म्हणाली, आणि ते खरेच निघाले: आपला मुंगळा आणि इथली काळी सुतार मुंगी दोन्ही कॅम्पोनोटस याच प्रजातीतल्या (जीनसमधल्या), फक्त आपला बहुधा जमिनीत घर करतो. नाते कळल्यावर पाहुणचार आलाच. या मुंग्या मुख्यतः रात्री बाहेर पडतात हे ऐकून आईने दिवेलागणीनंतर खिडकीखाली साखर घालायला सुरुवात केली, आणि महागडे आमिष जसेच्या तसे वाळत राहिले.

विमा कंपनीने कळवले, की कीटकांनी हळूहळू केलेले नुकसान पॉलिसीत बसत नाही. पन्हळ दुरुस्त झाली, नवी चौकटही मागवली. आईने तेवढ्यात मला बाजूला घेतले.

"सुतार येईल त्याच्या आदल्या दिवशी भिंतीवर जरा ठोक. बिचाऱ्या अंडी तरी हलवतील."