चोरीचा मामला, दहा युनिटांत

सर्वप्रथम अभिनंदन. 'सुरकुत्यांसाठी बोटॉक्सचं इंजेक्शन घ्यावं की घेऊ नये' या प्रश्नातून तुम्ही सुखरूप बाहेर पडलात आणि 'किती घ्यावं' या प्रश्नापाशी येऊन पोचलात. पहिला प्रश्न फार त्रासदायक होता. त्यात स्त्रीमुक्ती होती, आत्मसन्मान होता, 'प्रत्येक वयाचं आपलं एक सौंदर्य असतं' असं तुम्ही स्वतः दुसऱ्यांच्या वाढदिवसांना लिहिलेलं होतं. दुसरा प्रश्न निव्वळ बेरीज-वजाबाकीचा आहे, आणि गणिताची लाज कुणालाच वाटत नाही. येत नसलं तरी.

तर बोटॉक्सचा पूर्ण डोस की कमी? तुम्हाला सुरकुत्या घालवायच्या असतील तर पूर्ण घ्या. सुरकुत्या घालवायच्या आहेत, पण सुरकुत्या घालवणाऱ्या बायकांपैकी आपण नाही असंही वाटत राहायला हवं असेल, तर कमी घ्या. आपल्यासारख्या विचारी माणसांसाठी कमीच. चोरीचा मामला आणि हळूहळू बोंबला.

कमी डोसाला 'बेबी बोटॉक्स' म्हणतात. हे नाव ज्याला सुचलं त्याला मानलं पाहिजे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर आपल्याशी संबंधित कुठल्याही गोष्टीला 'बेबी' म्हणायला एवढ्या आनंदाने दुसरं कोण तयार होतं? शिवाय बाळाच्या नावावर काहीही खपतं. साबण, तेल, विष.

हो, विषच. यात लपवण्यासारखं काही नाही, मोजमापच मुळी त्याचं आहे. युनिट युनिट म्हणून आपण जे मोजतो ते म्हणजे, जेवढ्या विषाने प्रयोगशाळेतल्या उंदरांपैकी निम्मे मरतात तेवढं विष. माहितीपत्रकातला मंजूर डोस असा: भुवयांच्या मधे २० युनिट, पाच ठिकाणी चार-चार टोचून; कपाळावर २०; दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांत मिळून २४. एकूण ६४. घाबरायचं कारण नाही. आपलं वजन उंदराएवढं नाही, याचा आयुष्यात पहिल्यांदाच उपयोग होतो आहे.

हा झाला पूर्ण डोस. कमी डोस म्हणजे नक्की किती, हे मात्र कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नाही. कुणी निम्मा म्हणतं, कुणी त्याहून कमी, कुणी 'बघू या, तुमच्या चेहऱ्याला काय शोभतंय ते' म्हणतं. ज्या गोष्टीची व्याख्याच नाही तिच्या बाबतीत फसवणूकही सिद्ध करता येत नाही, त्यामुळे दोन्ही पक्ष समाधानी राहतात.

तुम्ही शाम्पूची बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचणाऱ्यांपैकी असाल, 'केमिकल नको गं बाई' म्हणणाऱ्यांपैकी, तरीही निश्चिंत असा. बोटॉक्समधलं बोट्युलिनम विष शंभर टक्के नैसर्गिक आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू ते कुणाच्याही मदतीशिवाय तयार करतो, आणि माणसाला ठाऊक असलेल्या विषांत याच्याइतकं जहाल विष दुसरं नाही. निसर्गाचं असं असतं, करायचं तर मनापासून. नावही शाकाहारी नाही. लॅटिनमध्ये बोट्युलस म्हणजे सॉसेज. जस्टिनस कर्नर नावाचा एक जर्मन डॉक्टर बिघडलेल्या सॉसेजांनी माणसं कशी मरतात याचा शोध घेत होता. त्याने ते विष स्वतःवर आजमावलं आणि १८२२ साली लिहून ठेवलं की अगदी थोड्या मात्रेत हे औषध म्हणून चालण्यासारखं आहे. कर्नर कवीही होता. म्हणजे कमी डोसाचा आद्य पुरस्कर्ता एक कवी. हे लक्षात ठेवा. कुणी 'काय हे खूळ' म्हणालं तर तोंडावर फेकायला बरं.

पुढचा इतिहासही आपल्या बाजूचाच आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांना तिरळेपणावर शस्त्रक्रियेशिवाय उपाय हवा होता. त्यांच्या चिकाटीमुळे १९८९ मध्ये अमेरिकेत हे औषध तिरळेपणासाठी आणि पापण्यांच्या आकडीसाठी मंजूर झालं. त्याच्या आधीच, १९८७ मध्ये, व्हँकुव्हरला जीन कॅरदर्स या नेत्रतज्ज्ञांकडे पापण्यांची आकडी असलेली एक रुग्ण रागावली. का? तर या खेपेला भुवयांच्या मधे टोचलं नाही म्हणून. तिथे आकडी नव्हतीच, पण तिथे टोचलं की चेहरा कसा निवांत दिसतो, असं तिचं म्हणणं. जीन यांचे पती अॅलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. रात्री घरी काय बोलणं झालं असेल ते झालं, दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टच्या कपाळावर पहिला प्रयोग. १९९२ मध्ये दोघांचा शोधनिबंध आला आणि २००२ मध्ये भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत अधिकृत मंजुरी. थोडक्यात, हा अख्खा व्यवसाय एका बाईच्या तक्रारीतून उभा राहिला. तरी लोक म्हणतात बायका उगाच कुरकुर करतात.

आता व्यवहार. हे औषध सुरकुतीला हातच लावत नाही. 'आकस' असा जो निरोप मज्जातंतू स्नायूला धाडतो, तो ते मधल्या मधे अडवतं. स्नायू पडून राहतो, वरची कातडी चुरगळत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फरक जाणवतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो. तीन-चार महिन्यांत निरोपाची वाट पुन्हा खुली होते आणि आठी आपल्या घरी परत येते. डोस कमी असला तर ती सहसा लवकर येते. मग लवकर टोचून घ्यावं, तर तीन महिन्यांच्या आत पुन्हा घेऊ नये असं सांगतात, कारण वारंवार घेतल्याने शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करण्याची थोडी शक्यता असते. म्हणजे कमी डोसवाल्यांच्या वाट्याला दोन महिने तारुण्य आणि एक महिना प्रतीक्षा. मितव्यय म्हणतात तो हाच.

मध्यमवयात एक बारीकशी अडचण आहे, ती सांगायची राहिली तर पाप लागेल. आरशासमोर चेहरा अगदी सैल सोडून उभ्या राहा. काहीही न करता रेघ दिसते आहे? आठी घातल्यावर दिसणारी सुरकुती वेगळी आणि घडी घालून वीस वर्षं कपाटात ठेवलेल्या कापडासारखी कायमची उमटलेली वेगळी. पहिलीवर बोटॉक्स छान चालतं. दुसरी त्याने फार तर थोडी उथळ होते. तिचं मूळ उन्हात आणि वयात असतं, आणि तिच्यावर ज्या गोष्टी काम करतात, म्हणजे रोजचं सनस्क्रीन आणि रेटिनॉइड नावाचं अ-जीवनसत्त्वाच्या कुळातलं मलम, त्या इतक्या कंटाळवाण्या आहेत की त्यांच्याबद्दल कुणी कुणाला विश्वासात घेऊन सांगत नाही. खरं तर कमी डोस शोभतो तो रेघ अजून पक्की न झालेल्या तिशीतल्या मुलींना. आपण आपल्या वयात तो घेतला तर स्नायू अर्धा हलतो, रेघ तशीच राहते आणि दोन आठवड्यांनी कुणालाही, अगदी आपल्यालाही, काहीही बदललेलं दिसत नाही. यालाच 'नॅचरल रिझल्ट' म्हणतात. कुणाला कळू नये हीच तर इच्छा होती, ती इतक्या पूर्णपणे फळाला आलेली दुसऱ्या कुठल्या बाबतीत पाहिली आहे?

मग पूर्णच घ्यावा का? तिथेही मेख आहे. कपाळाचा स्नायू हा भुवया वर उचलणारा एकटाच, खाली ओढणारे बाकी सगळे. (घरातही हेच प्रमाण असतं, पण तो विषय नाही.) चाळिशी-पंचेचाळिशीनंतर वरच्या पापण्यांची कातडी सैल होते. आपल्या नकळत कपाळ दिवसभर भुवया उचलून धरतं, म्हणून आपल्याला समोरचं नीट दिसतं. त्या कपाळावरच्या आडव्या रेघा म्हणजे त्याची हजेरी. पूर्ण डोस देऊन त्या एकुलत्या एक कष्टकऱ्याला झोपवलं की कपाळ काचेसारखं गुळगुळीत, आणि भुवया डोळ्यांवर येऊन बसतात. लोक म्हणतात, 'दमलेली दिसतेस.' जे ऐकू नये म्हणून गेलो तेच ऐकू येतं, फक्त आता पैसे मोजून. म्हणून जाणती डॉक्टर भुवयांमधे भरपूर आणि कपाळावर बेताने देते. तत्त्वाचा प्रश्न समजून आपण महिनाभर झोप उडवलेली असते आणि उत्तर निघतं, 'इथे जास्त, तिथे कमी.' फारच निराशाजनक.

निर्णय घेताना चेहरा तुम्ही कशासाठी वापरता याचाही हिशोब करा. घरात वयात आलेलं मूल असेल तर तुमच्या दोन भुवया ही राज्यकारभाराची साधनं आहेत. नुसतं बघितलं की मोबाईल खाली ठेवला जातो, ते बघणं भुवयांच्या मधल्या त्या दोन इंचांत घडतं. पूर्ण डोसानंतर तुम्ही डोळे वटारता आणि समोर फक्त एक शांत, प्रसन्न बाई दिसते. मूल विचारतं, 'म्हणजे जाऊ ना?' कमी डोसात सत्ता जात नाही, आघाडी सरकारसारखी चालते.

कार्यालयात मात्र पूर्ण डोसाला पर्याय नाही. बैठकीत कुणी कितीही अचाट योजना मांडली तरी तुमच्या कपाळावर आठी नाही. या मख्खपणाला वरिष्ठ पदांवर परिपक्वता म्हणतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर असं दिसलं की भुवयांमधे टोचून घेतल्यावर माणसांना रागाची आणि दुःखाची वाक्यं वाचायला किंचित जास्त वेळ लागतो. आनंदाची वाक्यं पूर्वीच्याच वेगाने वाचली जातात. कार्यालयीन ईमेल वाचण्यासाठी याहून चांगली तयारी असू शकत नाही.

मैत्रिणींमध्ये युनिटांची चर्चा करताना सावध राहा. हल्ली साधेपणाची स्पर्धा युनिटांत चालते. 'मी फक्त बारा घेते.' 'बारा? मला तर आठात भागतं.' यात कुणी सहज '५०' म्हणालं की सगळ्या दचकून बघतात (म्हणजे बघायचा प्रयत्न करतात). वास्तविक ती बिचारी डिसपोर्ट या दुसऱ्या कंपनीच्या अशाच औषधाबद्दल बोलत असते. भुवयांच्या मधे बोटॉक्सचे जिथे २० लागतात तिथे डिसपोर्टचे ५०. दोन कंपन्यांची युनिटं वेगळी, एकमेकांत बदलता न येणारी. पण खुलासा करू नका. ती ५०वाली असल्याने बाकीच्यांना जो नैतिक दिलासा मिळतो, तो कुठल्याच इंजेक्शनात नाही.

पुरुष वाचकांसाठी थोडक्यात: स्नायू दांडगे असल्यामुळे तुम्हाला सहसा जास्त युनिटं लागतात, त्यामुळे 'बेबी' तुमच्यासाठी नाही. 'डोकेदुखीसाठी घेतो' ही सबब उपलब्ध आहे, कारण २०१० पासून जुनाट मायग्रेनसाठी ते मंजूर आहे. पण तिथे १५५ युनिट ३१ ठिकाणी टोचतात, डोक्याच्या मागे आणि मानेतही. दोनच आठ्यांपुरती डोकेदुखी पटणार नाही.

एक परिच्छेद उपरोधाशिवाय. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर हा प्रश्नच बाजूला ठेवा. टोचणारा माणूस डॉक्टर आहे का आणि बाटली कुठली आहे हे विचारा, लाजू नका. पापणी उतरली तर ती काही आठवड्यांत वर येते. पण गिळताना, बोलताना, श्वास घेताना त्रास झाला तर वाट बघायची नसते, ताबडतोब इस्पितळ गाठायचं. झालं. परत मुद्द्यावर.

शेवटची तयारी सबबीची. डोस कुठलाही घ्या, दोन आठवड्यांनी कुणीतरी 'काय गं, फ्रेश दिसतेस' म्हणणार, आणि त्या क्षणी उत्तर तयार हवं. झोप म्हणू नका, आपल्या वयात झोपेवर कुणी विश्वास ठेवत नाही. योगासनं म्हणाल तर करून दाखवावी लागतात. पाणी सर्वोत्तम. 'काही नाही गं, पाणी भरपूर पिते.' पाण्याला पुरावा लागत नाही, आणि हातात बाटली धरली की देखावाही पूर्ण होतो.

मी तेच करते. परवा एका समारंभात बऱ्याच वर्षांनी एक जुनी मैत्रीण भेटली. कॉलेजात माझ्यापेक्षा तिच्या कपाळावर आठ्या जास्त, आता एकही नाही. मी विचारलं, 'काय करतेस तरी काय?' ती म्हणाली, 'काही नाही गं, पाणी भरपूर पिते. आणि तू?' मी म्हटलं, 'मीही. पाणीच.'

खरं म्हणजे या जागी दोघींच्या भुवया कपाळाला टेकायला हव्या होत्या. तिची डावी भुवई जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढी वर सरकली आणि थांबली. मी लगेच ओळखलं, कमी डोस. ती माझ्या भुवयांकडे बघत उभी राहिली. बराच वेळ बघितलं तिने. मग हातातल्या बाटलीचं झाकण उघडत म्हणाली, 'तू माझ्यापेक्षा बरंच जास्त पितेस वाटतं.'